गिटारवर दाजी

२ फेब्रुवारी. सकाळी ६.
निघालो. आजपासून रोज लिहायचं. मोठी माणसं लिहितात. पुढे कुणी मुलाखतीत विचारलं, की सुरुवात कशी झाली, तर आठवत बसायला नको.

सुरुवात अशी झाली. धाकट्या मेव्हण्याचा बँड आहे, तो स्वतः गातो. यंदा महिनाभराचा दौरा ठरला आणि त्याने आपण होऊन फोन केला, की दाजी, रिदम गिटारला तुम्ही चला. मी लगेच हो म्हटलं नाही. फोन ठेवला, एक ग्लास पाणी प्यायलो, मग परत फोन करून हो म्हटलं.

पंपांच्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये एकोणीस वर्षं बोल्ट आणि वॉशर देतोय. गिटार त्याच्या आधीपासून. घरी वाजवायला घेतली की ही कपडे वाळत घालायला गच्चीवर जाते. कपडे नसले तरी जाते. साहेबांनी महिन्याची रजा मागताक्षणी दिली. मनाची तयारी करून गेलो होतो, वाद घालायला मिळालाच नाही.

संकल्प: रोज तासभर रियाज. तळकट बंद. कुणाशी हुज्जत नाही.

व्हॅनमध्ये मागे, ड्रमच्या पेट्यांना खेटून जागा मिळाली. मला पुढची सीट लागते, नाहीतर मळमळतं. मेव्हण्याला सांगितलं. तो म्हणाला, दाजी, तुम्ही म्हणाल तसं. पुढे लीड गिटार वाजवणारी चष्मेवाली बसली होती. ती उठली नाही. हुज्जत नको म्हणून गप्प बसलो. दोनदा गाडी थांबवावी लागली.

४ फेब्रुवारी. सकाळ.
काल पहिला शो. कॉलेजचं सभागृह, खच्चून भरलेलं.

एक नवी गोष्ट कळली. स्टेजवर प्रत्येकाच्या पायाशी एक तिरका स्पीकर ठेवतात. त्याला मॉनिटर म्हणतात. बाहेर हॉलमध्ये काय ऐकू जातंय ते स्टेजवर नीट कळत नाही, म्हणून वाजवणाऱ्याला त्यातून हवा तो आवाज देतात. माझ्या मॉनिटरमधून मी काय ऐकू आलो! ड्रम नाही, गाणं नाही, नुसता मी. एवढा मोठा मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता. अंगावर मूठभर मांस चढलं.

शेवटी मेव्हणा एकेकाची ओळख करून देतो. ड्रमवर अमका, लीडवर तमकी, आणि गिटारवर, दाजी! पब्लिक ओरडलं. आता सगळा बँड मला दाजीच म्हणतो, ड्रमर पहिलवानसुद्धा, ज्याला मी कुठल्याच नात्याने दाजी लागत नाही. स्टेजवरचं नाव असं आपोआप पडावं लागतं.

रियाज राहिला. शो हाच रियाज.

७ फेब्रुवारी. व्हॅनमध्ये.
साउंडवाल्याचं नाव मी मौनीबाबा ठेवलंय. आवाज कमीजास्त करायच्या मिक्सरमागे बसतो, कुणाशी बोलत नाही. बाकीच्यांचं त्याच्याशी रोज भांडण. पहिलवानाला आवाज वाढवून हवा असतो, चष्मेवालीला हवा असतो, मेव्हण्याला तर हवाच असतो. सगळ्यांना तो नन्नाचा पाढा लावतो. मी मात्र बोट वर केलं की लगेच वाढवतो, वर अंगठा दाखवतो. काल तीनदा वाढवून घेतला. कान असलेल्या माणसाला कळतं कोण काय आहे ते. बाकीच्यांच्या पोटात दुखत असणार, पण तसं दाखवत नाहीत.

हिचा फोन. जेवलात का, झोप लागते का. वाजवण्याबद्दल अवाक्षर नाही. मीच सांगितलं, मॉनिटरबद्दलही सांगितलं. ही म्हणाली, तुम्हाला बरं वाटतंय ना, मग झालं.

१० फेब्रुवारी. दुपार. हॉटेल.
कालच्या शोचा व्हिडिओ कुणीतरी टाकलाय. अकरा वेळा बघितला. ड्रम स्वच्छ, गाणं स्वच्छ, लीड नको तितकं स्वच्छ. मी दिसतो छान, ऐकू येत नाही. फोनच्या माइकला असले भरदार सूर पकडता येत नाहीत. चष्मेवालीला हे समजावून सांगितलं. ती चष्मा काढून पुसत म्हणाली, हो दाजी, फोनचंच असेल.

चांगली मुलगी आहे. उगाच गैरसमज करून घेतला होता.

१३ फेब्रुवारी.
काल गंमत झाली. चौथं गाणं सुरू झालं आणि मी पाचव्याचं वाजवायला लागलो. शेवटपर्यंत तेच वाजवलं. कळलं तेव्हा गाणं संपलं होतं आणि टाळ्या पडत होत्या. म्हणजे दोन्ही गाणी एकमेकांत बसतात! हे आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मेव्हण्याला सांगितलं. तो म्हणाला, मस्तच झालं दाजी. आता मी सहाव्या आणि सातव्याचंही करून बघणार आहे.

बटाट्याचे वेफर्स दोन पाकिटं. प्रवासात इलाज नसतो.

१५ फेब्रुवारी. व्हॅनमध्ये.
वेफर्स भोवले. शो सुरू झाला तेव्हा मी बाथरूममध्ये. तिसऱ्या गाण्याला पोचलो. वाटलं होतं, दोन गाणी माझ्याविना म्हणजे हाहाकार असेल. पण काय हिमतीची पोरं! पब्लिकला पत्ताही लागू दिला नाही. नंतर सगळ्यांची पाठ थोपटली. पहिलवान म्हणाला, दाजी, आम्ही कसंबसं निभावलं. मला भरून आलं.

१७ फेब्रुवारी. सकाळ.
हे नीट, सावकाश लिहायला हवं.

काल मेव्हण्याकडे सोलो मागितला. एका गाण्यात मधे अर्धं मिनिट फक्त मी. तो म्हणाला, घ्या दाजी, तुमचाच बँड आहे. शोमध्ये ती जागा आली. बाकीचे थांबले. मी सुरू केलं. मेव्हण्याने दोन्ही हात डोक्यावर घेऊन टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि अख्खा हॉल त्याच्यामागे तालात टाळ्या वाजवायला लागला. हजारभर माणसं. अर्धं मिनिट हॉलमध्ये माझी गिटार आणि टाळ्या, दुसरा आवाज नाही. सोलो संपला तरी लोक थांबेनात.

मला इतका आनंद कधीच झाला नव्हता. लग्नातसुद्धा नाही. हे हिला वाचायला मिळता कामा नये.

१८ फेब्रुवारी. सकाळी १०.
राजीनामा पाठवला. ईमेलने. बारा दिवसांनी पुन्हा त्या बोल्टच्या खणांसमोर उभं राहायचं, ही कल्पनाच सहन होईना. हजार माणसं टाळ्या वाजवतात त्या माणसाने वॉशर देत बसायचं? एकोणीस वर्षांचा माणूस असा जातोय म्हटल्यावर साहेबांना धक्का बसणार. विनवण्या करतील. ठाम राहायचं.

१०.२५
मंजूर झाल्याचं उत्तर आलं. पुढील वाटचालीस शुभेच्छा. फोन नाही. तोंडाने निरोप देणं जमलं नसतं, म्हणून लिहूनच कळवलं असणार.

हिला आत्ता सांगायचं नाही. शेवटच्या शोला ही येणार आहे. तेव्हा स्टेजमागे नेऊन सांगेन. हिच्या डोळ्यांत पाणी येणार.

२१ फेब्रुवारी.
पहिलवानाला समजावलं, की तू घाई करतोस, माझ्याकडे बघून वाजव. तो भडकला. म्हणाला, दाजी, तुमच्याकडे बघून वाजवलं तर आम्ही सगळे... आणि तेवढ्यात मेव्हण्याने त्याला ओढत बाहेर नेलं. दाराआडून ऐकू आलं, की चार दिवस कळ काढ, मी ताईला शब्द दिलाय. म्हणजे माझा मान राखला जाईल, असा बहिणीला शब्द दिलाय पोराने. असा मेव्हणा नशिबाने मिळतो. पुढच्या दौऱ्यापासून मला बँडमध्ये कायमचा घेतोस का, हे आपणच विचारावं. त्याला संकोच होत असेल.

पहिलवान दुसऱ्या दौऱ्यात नको.

२४ फेब्रुवारी. दुपार.
आज शेवटचा शो. मौनीबाबाला ताप भरलाय, तो हॉटेलवर झोपून आहे. साउंड इथल्या हॉलचाच माणूस बघणार. मेव्हणा सकाळपासून हवालदिल. त्या माणसाला बाजूला घेऊन काही सांगत होता, पण तो माणूस घाईत, एका कानाने ऐकत केबल गुंडाळत होता. मी मेव्हण्याला म्हटलं, काळजी करू नकोस, मी आहे. त्याचा चेहरा आणखी उतरला. थकलाय पोरगा.

ही चारला पोचते. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवलाय.

२५ फेब्रुवारी.
लिहायचं नव्हतं. पण रोज लिहायचं ठरवलं होतं.

पहिलं गाणं सुरू झालं. मॉनिटरमधून सगळ्यांचे आवाज येत होते, माझा कुठेतरी बारीकसा. नवा माणूस, त्याला काय कळणार, म्हणून सोडून दिलं. तेवढ्यात हॉलच्या मोठ्या स्पीकरमधून एक गिटार यायला लागली. सगळं बरं चाललेलं असताना मधेच खडखड. ताल सारखा मागे पडणारा. सूर बदलताना दर वेळी एक मेलेला आवाज. मी चष्मेवालीकडे डोळे वटारून बघितलं. ती खाली बघत वाजवत होती. पुढच्या रांगेतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. एक बाई हसून नवऱ्याच्या कानात काहीतरी बोलली. मेव्हणा गाताना दोनदा चुकला, तो कधी चुकत नाही. आणि ही सहाव्या रांगेत बसलेली. माहेरच्या माणसाची हिच्यादेखत अब्रू जाणार. कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं.

दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर मी साउंडवाल्याचं लक्ष वेधलं. गिटारवर बोट ठेवलं आणि गळ्यावरून आडवा हात फिरवला, की ही बंद कर. कुणाची, ते सांगायची गरज नव्हती. ऐकणाऱ्याला कळत होतं. त्याने पटकन मान डोलावली, वाटच बघत असल्यासारखं.

खडखड थांबली. गाणं स्वच्छ झालं, लोक डोलायला लागले. मी हिच्याकडे बघून हसलो. नवऱ्याने कसं सावरलं बघ.

मग लीड गिटारचा तुकडा आला. चष्मेवालीने वाजवला. तो हॉलभर ऐकू आला.

मी हात थांबवला. काही फरक पडला नाही. पुन्हा वाजवलं, जोरात वाजवलं. काही फरक पडला नाही.

उरलेली गाणी हात हलवत उभा राहिलो. शेवटी मेव्हण्याने माझं नाव घेतलं तेव्हा लोक ओरडले. त्यांना काय.

नंतर मागच्या खोलीत मेव्हण्याला विचारलं, हॉलमध्ये माझा आवाज कधीपासून बंद. तो म्हणाला, पहिल्या दिवसापासून. मान खाली घालून उभा होता. म्हणाला, दाजी, तुमच्या तोंडावर कसं सांगणार, तुम्ही ताईचे यजमान. मग ही बोलली. म्हणाली, मीच त्याला गळ घातली होती. तुम्ही घरात महिनोन् महिने बोलत नव्हतात, जेवत नव्हतात. एकदा हौस फिटली की हसत कामावर जाल, एवढंच मला हवं होतं.

मी म्हटलं, राजीनामा दिलाय.

ही ड्रमच्या पेटीवर बसली. कधी, एवढंच विचारलं. मग रडली. आवाज न करता, खूप वेळ. मेव्हणा स्वतःच्याच कपाळावर हात मारत राहिला. मला फार लाज वाटली. त्या दोघांनी माझ्यासाठी एवढं केलं आणि मी ते खरं मानलं.

१ मार्च.
कारखान्यात जाऊन आलो. साहेब प्रेमाने वागले. माझ्या जागेवर दुसरा माणूस बसलाय. त्याने खण नव्याने लावलेत आणि ते चांगले लावलेत. साहेबांना म्हटलं, कुठेही घ्या, रात्रपाळीला घ्या. ते म्हणाले, आता जागा निघणं कठीण. बाकी स्टाफने चहा पाजला आणि गेटपर्यंत सोडायला आले. कार्यक्रम कुठे असतात ते विचारत होते.

मेव्हण्याचा फोन दोनदा येऊन गेला. उचलला नाही.

४ मार्च. दुपार.
ही घरी मुलांच्या शिकवण्या घेते, त्या वाढवायचं ठरवलंय. संध्याकाळची आणखी एक तुकडी. मी घरी.

एक गोष्ट सारखी मनात येत होती. दीड गाणं का होईना, भरलेल्या हॉलने मला ऐकलं. ही पण होती. आज धीर करून विचारलं, की खरं सांग, वाईट वाटून घेणार नाही, कसं वाटलं.

ही उश्यांचे अभ्रे बदलत होती. दोन बदलून झाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, अहो, तुम्हीच तर बंद करायला सांगितलंत ना.