बेंदराच्या दिवशी बंद ठेवावयाचे इंजिन

मी, त्र्यंबक महादेव वैशंपायन, वय वर्षे एकसष्ट, निवृत्त अध्यापक (अर्थशास्त्र), राहणार तासगाव, जिल्हा सातारा, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. कोणी मला धाक घातलेला नाही किंवा भुरळ पाडलेली नाही. माझी पत्नी सौ. गोदावरी गेल्या आश्विनात तापाच्या दुखण्याने वारली. "सौ." हे अक्षर तिच्या नावामागून काढावयाचे नाही; ती सवाष्ण गेली. पुढे लिहिलेली सर्व मिळकत स्वकष्टार्जित असून तिची व्यवस्था लावण्याचा मला पूर्ण अधिकार आहे.

कलम १. राहते घर, परसातील विहिरीसह, चिरंजीव चिंतामण यास द्यावे. गोदावरीच्या पाटल्या, गोठ आणि तिचे देवघर कन्या चि. सौ. चारुलता हिला द्यावे. देवघरातील मूर्तींचा क्रम गोदावरीने लावलेला आहे, तो बदलू नये.

कलम २. माझी पुस्तके ज्या महाविद्यालयात मी सव्वीस वर्षे शिकविले त्याच्या ग्रंथालयास द्यावीत. माझी व्याख्यानांची टिपणे मात्र देऊ नयेत. त्यांत एक चूक आहे. तिचा खुलासा कलम ५ मध्ये केला आहे.

कलम ३. माझी आरामखुर्ची शेजारी नानासो यांस द्यावी. आमच्या गिरणीच्या इंजिनाच्या आवाजाने डोळ्याला डोळा लागत नाही, अशी तक्रार ते पंधरा वर्षे करीत आले आहेत. ही तक्रार ते बहुधा त्याच खुर्चीत घोरून उठल्यावर करीत.

कलम ४. तासगावच्या वेशीबाहेरील शेंगतेलाच्या गिरणीत माझी निम्मी भागी आहे. उरलेली निम्मी श्री. श्रेणिक मगदूम यांची. ही भागी कोणास द्यावी हे सांगण्यापूर्वी ती गिरणी मला काय वाटते, हे नमूद करणे मी आवश्यक समजतो.

सन १९३१ मध्ये इंजिन प्रथम सुरू झाले तो दिवस मी विसरू शकत नाही. श्रेणिकरावांनी चाक फिरविले, इंजिन दोनदा खोकले आणि मग जमिनीतून माझ्या पावलांत ठोका येऊ लागला. नाथाजी तेली आणि त्याचा बैल दिवसभर फिरून जेवढे तेल काढीत, तेवढे आमचे जेवण होण्यापूर्वी पिंपात पडले. शक्ती, श्रम, उत्पादन हे शब्द मी वर्गात इतक्या वेळा उच्चारले होते की त्यांची चव गेली होती. त्या सकाळी ते शब्द माझ्यासमोर धूर सोडीत उभे राहिले. मी टोपी काढली. श्रेणिकराव हसून म्हणाले, "पंत, देवळात आलाय काय?" मी म्हटले, "तसेच समजा."

पुढे पाहिले ते याहून थोर होते. ज्यांच्या पंगती कधी एक झाल्या नसत्या असे लोक भोंग्याबरोबर एकाच दारातून आत येऊ लागले. शेंगा निवडणाऱ्या हरणाबाईने स्वतःच्या मजुरीतून चष्मा घेतला आणि आपल्या नातवाचा चेहरा, तो सहा वर्षांचा असताना, पहिल्याने नीट पाहिला. हे एका यंत्राने केले. त्याविषयीचा माझा आदर आजही तिळमात्र कमी झालेला नाही, आणि पुढील कलम त्या आदराला धरूनच वाचावे.

कलम ५. नाथाजीने घाणा मोडला, बैल विकला आणि तो आमच्याकडे इंजिनावर लागला. दुसऱ्या वर्षी आषाढात बेंदूर आला. आमच्याकडे या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. त्याला न्हाऊ घालतात, शिंगे रंगवितात, पुरणपोळी चारतात. घाणा अर्थातच बंद असे. मी गिरणी चालू ठेवली. बैल नाही तेथे बेंदूर कशाचा, हा माझा युक्तिवाद मला निर्दोष वाटला.

सकाळी जाऊन पाहतो तो नाथाजीने इंजिनाला हळद आणि तेल चोळले होते, धुराड्याला गेरू लावला होता, बैठकीवर पुरणपोळी ठेवली होती आणि फिरत्या चाकाजवळ बैलाच्या कपाळावरचा रंगीत गोंडा बांधला होता. माझ्यादेखत गोंडा पट्ट्यात गेला, पट्टा निसटला आणि गिरणी दुपारपर्यंत बंद पडली.

मी संतापून विचारले, "नाथाजी, हा काय बैल आहे?"

तो म्हणाला, "आवं मास्तर, बैल दिसभर फिरायचा तर वर्साला एकदा त्येचं कौतिक करत हुतो. ह्यो गडी लय राबतोय. दमला म्हनून सांगत न्हाई, म्हनून काय इचारायचंबी न्हाई व्हय?"

सर्वजण हसले. मीही हसलो. जुनी समजूत नव्या उत्पादनपद्धतीच्या आड कशी येते, याचे उदाहरण म्हणून हा प्रसंग मी पुढे दरवर्षी वर्गात सांगितला आणि विद्यार्थीही हसत. टिपणांतील चूक ती हीच.

त्या दिवशी घरी येऊन सांगितले तेव्हा गोदावरी मात्र हसली नाही. ती चार इयत्ता शिकलेली होती. पोळी लाटता लाटता म्हणाली, "अहो, इंजिनाला कशाला हवी सुट्टी? ती त्याला स्वतःला हवी आहे. आजवर बैलाच्या नावाने मिळायची. आता बैलच नाही, तर मागायची कुणाच्या नावाने, ते त्याला उमगत नाही."

मी म्हटले, "तुला यातले कळत नाही."

बैलाच्या विसाव्यात माणसाचा विसावा गुंतलेला होता. यंत्राला विसावा लागत नाही, म्हणून माणसाचाही, कोणी काढून न घेताच, गेला. मी वाचलेल्या एकाही ग्रंथात हे मला आढळले नाही. ते माझ्या स्वयंपाकघरात बोलले गेले आणि मी पाटावरून उठून हात धुतले. गिरणीत नऊच माणसे, म्हणून कारखान्याचा कायदा आम्हांस लागू नाही, हे मी स्वतः वाचून खात्री करून घेतली होती. असे चौदा बेंदूर गेले. ती होती तोवर "तुझे बरोबर होते" हे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. ते येथे लिहितो: गोदावरी, तुझे बरोबर होते.

कलम ६. सबब माझी निम्मी भागी चिंतामण यास या अटीवर देतो की दरवर्षी बेंदराच्या दिवशी इंजिन बंद राहील आणि नऊही माणसांस त्या दिवसाची मजुरी मिळेल. अट मोडल्यास भागी चारुलतेकडे जाईल. ती आईच्या वळणावर गेली आहे, ती अट मोडणार नाही.

कलम ७. हा मसुदा काल दुपारी चिंतामण यास वाचून दाखविला. तो म्हणाला, "अण्णा, अट मला मान्य आहे. पण ही सुट्टी तुम्ही गेल्यावर का? गिरणी आज तुमच्याच हातात आहे. का नाथाजीने बेंदरासाठी तुमच्या मरणाची वाट बघायची?"

मी तसाच उठून गिरणीत गेलो आणि श्रेणिकरावांशी बोललो. ते म्हणाले, "पंत, मी कधी नको म्हटलं होतं? तुम्ही विचारलंत कधी?" येत्या बेंदरास गिरणी बंद, मजुरी चालू, असा कागद आम्ही दोघांनी सह्या करून दारावर लावला आहे. कलम ६ माझ्या पश्चातही बंधनकारक राहील. त्याचा आरंभ मात्र माझ्या हयातीतच झाला, याची नोंद व्हावी.

साक्षीबाबत खुलासा. आज सही करतेवेळी मजकूर मोठ्याने वाचला जात असता नाथाजी दारात आला आणि साक्षीदार म्हणून अंगठा देतो म्हणाला. मी त्यास सांगितले, "मृत्युपत्रात ज्याला लाभ आहे त्याने साक्ष देऊ नये, असा दंडक आहे."

तो म्हणाला, "मला कसला लाभ, मास्तर? घर पोराला, पाटल्या लेकीला, खुर्ची नानासोला. आमाला तर नुसता एक दिस. दिस म्हंजी काय इस्टेट हाय व्हय?"

मी म्हटले, "होय, नाथाजी. इस्टेटच आहे." आणि त्याचा अंगठा घेतला नाही.

सही: त्र्यंबक महादेव वैशंपायन

आम्हां दोघांसमक्ष त्यांनी सही केली व त्यांच्यासमक्ष आम्ही केली. या पत्रात आम्हांस काहीही मिळत नाही:
१. डॉ. नारायण बाळकृष्ण फडणीस, तासगाव
२. मदन आदप्पा चौगुले, पोस्टमास्तर, तासगाव

मुक्काम तासगाव, दिनांक २० जून १९४६