सध्या घरीच असतो

अण्णा, तुमचा तो ‘सध्या’ अजून चालूच आहे. वाडीत सुपारी वाळत घालताना कुंपणापलीकडून कुणीतरी विचारायचं, “मुलगा काय करतो हल्ली?” तुम्ही मान वर न करता म्हणायचात, “सध्या घरीच असतो. बघतोय.” काय बघतोय, ते त्यांनी कधी विचारलं नाही आणि मलाही कधी सापडलं नाही. एकदा विचारणारा गेल्यावर तुम्ही स्वयंपाकघरात आलात, भांडंभर पाणी प्यायलात आणि हळूच म्हणालात, “मला रोज खोटं बोलायला लावू नकोस रे.” ओरडला असतात तर मी विसरून गेलो असतो.

तुमच्या दहाव्याला समुद्रावर पिंड ठेवला, तर कावळे सुरूच्या झाडांवर नुसते बसलेले. ऊन डोक्यावर येतं, भटजी चुळबुळ करतात, सगळे माझ्याकडे बघतात. काका म्हणतात, “अरे, नोकरी धरतो म्हण. त्याचा जीव त्यातच अडकलाय.” मी हात जोडून म्हणालो, अगदी मनापासून. एकही कावळा हलला नाही. पुन्हा मोठ्यानं म्हणालो. मग मागे उभी असलेली ताई पुढे आली. “अण्णा, त्याची काळजी करू नका. त्याला मी सांभाळीन.” तिचं बोलणं पुरं होतंय तोवर कावळा शिवला. परतताना काका म्हणाले, “सुटला बिचारा.” तुम्ही सुटलात. माझ्याकडून तुम्हाला काहीच नको होतं, हे मला त्या दिवशी चारचौघांत कळलं.

ताई शब्दाला जागली आहे. दोन आळ्या सोडून तिचं सासर, तिथून रोज डबा येतो. माझ्याविषयी कुणी विचारलं की तीही म्हणते, “सध्या घरीच असतो,” आणि ते अगदी तुमच्या आवाजात येतं. मी मधे मुरुडला लॉजच्या काउंटरवर बसलो, पनवेललाही जाऊन आलो. टिकलो नाही. नव्या मालकासमोर उभा राहिलो की पाठीमागे उंचावरून कुणीतरी बघतंय आणि त्याला पुढचं सगळं आधीच ठाऊक आहे, असं वाटत राहतं.

आज पितृपक्षातली तुमची तिथी. कुंपणाच्या दगडी गडग्यावर पान ठेवलं आणि मनात म्हणालो, या वेळी अडा. थोडा वेळ तरी अडून बसा माझ्यासाठी. मी मागे सरतोय तोवर कावळा वडा घेऊन गेलासुद्धा. तुम्ही अडला असतात तर उद्या मी खरंच कामाला बाहेर पडलो असतो, असं लिहिणार होतो. पण तुम्हाला खोटं नको असायचं.