पायल कोणाच्या गळ्याले हात लावते

४ ऑगस्ट, सोम.
मीनलचा फोन. डिप्लोमाची मैत्रीण, आता फिनलंडात विशेष शिक्षिका. तिकडे म्हणे पाच वर्षं शिकावं लागते, मग एकाच शाळेत रोज तीच मुलं. आपलं दोन वर्षांत आटोपलं. शिकली मी बहिऱ्या पोरांसाठी, आता साऱ्याच प्रकारची पोरं माझ्या माथी, अर्धा दारव्हा तालुका. एकेका घरी आठवड्यातून एकदा पोचली तरी नशीब! तिकडच्या वर्षभराच्या ट्रेनिंगले बोलावून राह्यली. महिनाअखेर हो-नाही सांगायचं. जीव तर लई होते जायचा. पण पायल?

७ ऑगस्ट
बोरी अरबजवळचा बंजाऱ्यांचा तांडा. पायल सात वर्षांची, जन्मापासून ऐकू येत नाही. तिचा हात माझ्या गळ्यावर ठेवून मी 'आई' म्हणत राहते, थरथर लागली की तीही आवाज काढते. आम्हाले हेच शिकवलं. मीनल म्हणते, तिकडे आधी खुणांची भाषा. असेल बाई.
पायल 'आ'वरच अडली. मी गेली तर तेही जाईल.

१४ ऑगस्ट
दारातूनच पाहिलं. पायल एकटी. एक हात स्वतःच्या गळ्यावर, दुसरा हवेत, समोर कोणी मोठं माणूस बसलं असावं तेवढ्या उंचीवर. ओठ हलत होते.
तिची आई जमनाबाई म्हणे, "रोज बसते न अशी."
मी हसली. उगाच.

२१ ऑगस्ट
पायल बोलली! साफ. "याडी." जमनाबाई रडलीच. तांड्यात आईले याडी म्हणतात अन् मी दोन वर्षं 'आई' घोकवत बसली.
पण हा शब्द दिला कोणी? जमनाबाईले विचारलं, तुम्ही तिचा हात गळ्यावर धरला काय?
"नाई बाप्पा. आमाले कुठं येते ते? मले वाटलं, तुम्हीच शिकवलं."
जेवण गेलं नाही.

२८ ऑगस्ट
आज पायलनं माझ्या गळ्याले हात लावलाच नाही. बाजूच्या रिकाम्या जागी धरला.
जमनाबाईले परदेशाचं सांगितलं. "जा बिनघोर. पोरगी शिकून राह्यली न." राग आला. रडूही. जिच्यासाठी मी अडून बसली, तिले माझी गरजच...
मग पायलनं माझं मनगट पकडून हात त्या रिकाम्या जागी नेला.
गरम लागलं. बोटांखाली थरथर, सावकाश, पोराले शिकवताना असते तशी.
मीनलले काही कळवलं नाही. उद्या माझा तांड्यावर जायचा दिवस नाही. तरी जाईन.