दाजींच्या वॉटर स्कूटरचं इंजिन

रेवदंडा,
कोजागिरीचा दुसरा दिवस

चि. सौ. कोकिळेस थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद. एकवीरा आईच्या कृपेने इकडे सर्व खुशाल (अंगाला खाज आहे, तिचा खुलासा पुढे येईल). तुझे गुडघे कसे आहेत? दाजींची प्रकृती मी विचारत नाही, कारण दोन दिवाळ्या त्यांनी माझी विचारलेली नाही.

होडी विकून त्यांनी श्रीवर्धनला पर्यटकांना फिरवायला वॉटर स्कूटर घेतली, तेव्हा मी एवढंच म्हणालो होतो की हे जत्रेतलं खेळणं आहे. त्यांनी अबोला धरला, मग मीही धरला (माघार घेणं आपल्या घराण्यात नाही). तरी इंजिन ज्यांवर बसतं त्या फायबरच्या बैठका तळापासून सुटल्या, तेव्हा स्कूटर टेम्पोत बसून माझ्याच दारी आली. सोबत शब्दाचा निरोप नाही. पण एवढे होडी दुरुस्त करणारे सोडून माझ्याकडेच धाडली, हे बघून मला भरून आलं.

लगेच इंजिन उतरवलं आणि जुनं फायबर ग्राइंडरने घासायला घेतलं. वारा खाडीकडून होता, आणि तुझ्या वहिनीने शेजारीच बोंबील वाळत घातले होते. भुकटी बोंबलांवर बसली, माझ्यावर बसली, शेजारच्या अनंताच्या धुतलेल्या लेंग्यांवर बसली. सगळी आळी खाजवत होती. तुझी वहिनी म्हणाली, "आधी आंग धुवा, मंग घरात या. न्हायतर झोपा त्या स्कूटरीतच." (झोपलो. अरुंद आहे.) पुढे रेझिनमध्ये ते घट्ट करणारा हार्डनर जरा सढळ पडला, त्यात ऑक्टोबरचं ऊन, मगातून धूर निघाला आणि ब्रश आतच उभा राहिला. दुसऱ्या खेपेला माप धरलं, काचेच्या धाग्यांच्या मॅटचे थर नीट दाबले. आता बैठका अशा घट्ट आहेत की घण घातला तरी हलणार नाहीत.

एवढा आटापिटा का, ते तुला कळलं असेलच. गेल्या भाऊबीजेला तू एकटी आलीस. ओवाळत मला होतीस, डोळे मात्र दाराकडे होते. मला ते बघवलं नाही. यंदा दोघं या. काम उत्तम झालं आहे, असं दाजींना सांग.

तुझा भाऊ,
धर्माजी

ता. क. – 'उत्तम'बद्दल थोडं. आपल्या होडीत इंजिन मागच्या अंगाला उतरतं बसवतात, कारण पंख्याचा दांडा खाली पाण्यात जातो. माझा हात त्यातच मुरलेला, त्याने स्कूटरलाही उतार दिला. तिला पंखा नाही, पाणी मागे फेकून पळवणारा पंप असतो, आणि तो इंजिनाच्या सरळ रेषेत लागतो. आता इंजिनाचं तोंड एकीकडे, पंपाचा दांडा दुसरीकडे. एकमेकांकडे बघायला तयार नाहीत (हसू नकोस). वर घणाचं लिहिलं आहे, ते घालून बघितल्यावरच लिहिलं.

आणखी एक ता. क. – बैठका कापून मी पुन्हा करीन, त्याची काळजी नको. पण इंजिन रेषेत आणताना एकाने ते उचलून धरायचं असतं, आणि दुसऱ्याने आत वाकून सांगायचं असतं: जरा वर, जरा डावीकडे, थांब. अबोला धरून ते काम होत नाही. तेव्हा दाजींना पाठव, भाऊबीजेच्या आधीच. अनंता रोज विचारतो, हात लावू का. त्याला सांगितलंय, घरचा माणूस येतोय.