समुद्र उजव्या हाताला

व्हियाना, पोर्तुगाल
१२ मे

श्री. दत्तप्रसाद यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

फोन केला की आई शेजारीच असतात आणि तुम्ही नुसतं हं हं करता. म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवते आहे. निवांत वाचा.

ही किनाऱ्याची यात्रा पोर्तोहून उत्तरेला सँतियागोच्या चर्चपर्यंत जाते, म्हणजे समुद्र सगळा वेळ डाव्या हाताला. पण तुमच्या मातोश्रींनी अंथरुणातून नकाशा पाहून हुकूम सोडला, की देव उजव्या हाताला हवा, नाहीतर प्रदक्षिणा उलटी पडते. यात्रा ख्रिस्ती लोकांची आहे असं तुम्ही सांगितलंत, तर समुद्र ख्रिस्ती नाही म्हणाल्या. मोडलेल्या खुब्याच्या बाईशी वाद कोण घालणार? म्हणून मी रेल्वेने वर कामिन्याला गेले आणि आज तिथून उलटी, पोर्तोच्या दिशेने चालत आले.

वाटेवरचे पिवळे बाण सरळ जाणाऱ्यांसाठी काढलेले, त्यामुळे मला दर वळणावर मागे वळून बघावं लागतं. आणि अख्खी यात्रा समोरून येते. जो तो थांबून, हातवारे करून सांगतो की बाई, तुम्ही चुकलात. एका आजींनी तर माझा दंड धरून मला फिरवलंच. त्या दिसेनाशा होईपर्यंत मी गुपचूप त्यांच्या मागून चालले, मग परत फिरले.

पण अहो, समोरून इतके चेहरे येतात, की नाही म्हटलं तरी प्रत्येकात तुम्हाला शोधते. ऐन उन्हात एक गृहस्थ हात पाठीमागे बांधून, जरासे डावीकडे झुकून आले. तुमचीच चाल. मी थांबले. ते मान लववून निघून गेले आणि मी तिथेच वाळूत बसून रडले. तिकिटं दोघांची होती. आई पडल्या, तुम्ही मागे राहिलात आणि मला बळेच धाडलंत. आता पाऊल पुढे पडत नाही. परतीचं तिकीट बदलू का? स्पष्ट लिहा.

शेवटचं आईंना वाचून दाखवू नका. तुमचा लोभ एवढ्या लांब पुरतोय का, तेवढं कळवा.

तुमची,
प्रियदर्शनी


नारायण पेठ, पुणे
१३ मे

प्रिय प्रियदर्शनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. मागितले नव्हतेस, तरीही.

सूचनेप्रमाणे शेवटचं गाळून आईला वाचून दाखवलं. माझा आवाज अडखळला तिथे तिने मला पकडलं. तिचा खुबा मोडलाय, कान शाबूत आहेत, असं ऐकवलं. मग सगळंच वाचावं लागलं. नंतर, हाड तिचं मोडलंय आणि लंगडतोय आपण दोघं, असं म्हणून तिने मला तेजस्विनीला फोन लावायला सांगितला. बहीणबाई हडपसरहून दुपारीच बॅग घेऊन हजर. माझं वरण चाखून तिने, आईची तब्येत का सुधारत नाही ते समजलं, असा शेरा मारला.

तेव्हा तिकीट बदलू नकोस. माझा व्हिसा अजून चालू आहे. परवाच्या विमानाने निघतो आणि पोर्तोहून चालायला लागतो, बाणांप्रमाणे, सरळ. समुद्र डावीकडे पडेल, पण आईने माझ्यापुरती सूट दिली आहे. तू गेल्यापासून रात्री दार लावताना तुझ्या चपला आत आल्यात का, ते मी रोज बघतो. घर खायला उठतं. मला करमत नाही.

लोभ पोस्टाने न पाठवता स्वतःच घेऊन येतो.

तुझा,
दत्तप्रसाद


एश्पोझेंदे
१७ मे

अहो,
स. न. वि. वि.

आज सकाळी तुम्ही पोर्तोहून निघालात आणि मीही तुमच्यासाठी मुद्दाम रेंगाळत इथवर आले. उद्या केव्हातरी आपली गाठ पडेल. कुठवर पोचलीस म्हणून फोन करू नका. तेजस्विनीवन्संना आईंची औषधं तेवढी विचारून घ्या.

एक मागणं आहे. मी लांबून दिसले तरी हाक मारू नका, घाईही करू नका. लग्नाला इतकी वर्षं झाली, आपण बरोबरीने चाललो, बाजारात मागेपुढे चाललो. पण तुम्ही माझ्याकडे चालत येताना मी कधी डोळे भरून पाहिलेलंच नाही. मी जिथे असेन तिथे उभी राहीन. तुम्ही या.

तुमचीच,
प्रियदर्शनी