लांब जाणारं गाणं

३ तारीख, सोमवार

आज गुंडीकडे राहायला आले. गुंडी म्हणजे माझी नात. लहानपणी झबल्याच्या गुंड्या चावून तोडायची, तेव्हापासून ती गुंडीच. शाळेतल्या नावाने हाक मारायला माझी जीभच वळत नाही. लेक म्हणाली, आई, तू जाऊन राहा तिच्याकडे, ती जेवायचं विसरते आणि विचारलं की बिनदिक्कत जेवले म्हणते. म्हटलं जाते. मला काय, एक पिशवी आणि गुडघ्याच्या तेलाची बाटली, झाला माझा संसार.

वहीसुद्धा गुंडीनेच दिली. रोज लिहीत जा म्हणाली. मी चौथीत शाळा सोडलेली, पुटपुटल्याशिवाय माझ्या हातून अक्षर उमटत नाही. ती म्हणाली, पुटपुट की, मला ऐकायला आवडतं. बघा, या वयात कुणीतरी माझं ऐकायला बसलंय.

घर तिसऱ्या मजल्यावर, खोल्या दोन. एकीत आम्ही, दुसरीत तिची यंत्रं. खाली शिंप्याचं दुकान आहे. जिन्यात मी दम खात उभी होते तर तो म्हणतो, आजी, या, माप घेऊन ठेवतो, वर पोचेपर्यंत दोन बोटं कमी भराल. आणि स्वतःच हसला, शिंका आल्यासारखा. तोंडाळ माणूस. मला आवडला. माझ्या पोलक्याची बाही उसवली होती, ती त्याने उभ्याउभ्या शिवून दिली.

५ तारीख

गुंडी अल्बम करतेय. मला फोटोंचा वाटला, म्हटलं लग्नाबिग्नाचं काही लपवतेस की काय. तर गाण्यांचा निघाला. ऐंशी सालच्या सुमाराला विजेच्या यंत्रांवर वाजवायचे ना, तसली गाणी. तेव्हा ही जन्मालाही नव्हती. जे दिवस मी धुणं बडवण्यात घालवले त्यांची आठवण हिला येते, मला नाही.

यंत्राला सिंथ म्हणतात. बाजाच्या पेटीसारखंच, पण भाता नाही, वायर आहे. आवाज असा की गार काचेवरून कुणी बोट फिरवतंय. सोबत एक पत्र्याचा डबा आहे. त्यात कुठलेही आवाज भरून ठेवायचे आणि गाण्यात हवे तिथे वाजवायचे. डब्यावर उभ्या सरकत्या खुंट्या, एकेका आवाजाची एकेक. दोन्ही वस्तू जुन्या बाजारातल्या. विकणाऱ्याने घासाघीससुद्धा केली नाही म्हणे, घेऊन जा एवढंच म्हणाला. असा दुकानदार मला आयुष्यात भेटला नाही.

एक मात्र फार आवडलं. त्या काळची गाणी संपायची नाहीत, तीच ओळ म्हणत म्हणत लांब जायची. गुंडी खुंटी खाली ओढते आणि गाणं निघून जातं, पाहुणा कोपऱ्यावरून वळावा तसं. मी विचारलं, जातं कुठे गं? म्हणाली, कुठे नाही आजी, ते तिकडे चालूच असतं, आपल्याला ऐकू येत नाही इतकंच. काय छान बोलते पोरगी.

८ तारीख

आज आवाज गोळा करायचा कार्यक्रम. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक घेतली. खाली जाऊन शिंप्याच्या मशीनची खडखड घेतली, तर तो म्हणाला, माझं हसणं पण घे, फुकट आहे. तेही घेतलं. मग मी लिहीत बसले होते तेव्हा माझ्या पेनाची खरखर आणि पुटपुटही घेतली. मी लाजले. म्हातारीचं पुटपुटणं कोण विकत घेणार? ती म्हणाली, हेच तर सगळ्यात गोड आहे.

तू नाही का गाणार, मी विचारलं. तर शेवटचं गाणं तिच्या आवाजात आहे. ते राहिलंय.

१२ तारीख

घड्याळाचं गाणं काल पुरं झालं. आज घड्याळ बिनआवाजाचं चालतंय. काटे फिरतात, पण कान लावला तरी टिकटिक नाही. गुंडी म्हणाली, आजी, तुझे कान. असेल बाई. वय झालं की आधी गुडघे जातात, मग कान.

१४ तारीख

कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. तरणा आहे, मिशी अजून ठरवतेय यावं की नाही. म्हणाला, आजी, तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत. मी खूश व्हायला हवं होतं.

घरी आले तर घड्याळ नाही. खिळा नाही, भिंतीवर डागसुद्धा नाही. गुंडीला विचारलं, घड्याळ कुठे काढून ठेवलंस? ती म्हणाली, आपल्याकडे घड्याळ कधी होतं?

थट्टा करत नव्हती. थट्टा करताना तिची डावी भुवई उडते.

१७ तारीख

शिंप्याचं गाणं झालं. अल्बममधलं सगळ्यात सुंदर, मीच म्हटलं तसं. शेवटी मशीन खडखडत लांब जाते आणि तिच्यामागे तो हसत हसत.

भाजी आणायला खाली गेले. मशीन चालतेय, सुई वरखाली होतेय, आवाज नाही. त्याने मला बघून काहीतरी विनोद केला आणि हसला. तोंड उघडलं, खांदे हलले. आवाज नाही. मग त्याने स्वतःच गळ्याला हात लावला आणि माझ्याकडे बघत राहिला.

भाजी न घेताच वर आले.

१९ तारीख

शिंप्याचं दुकान नाही. तिथे कोरी भिंत आहे, जुनी, रंग उडालेली, जणू पहिल्यापासूनच. मी पोलकं काढून बघितलं. बाही लोंबतेय. त्याची शिवण उसवली असती तर दोरा तरी उरला असता. दोरा नाही. सुईची भोकंही नाहीत.

आता मला कळलंय, लिहून ठेवते. जो आवाज त्या डब्यात गेला आणि खुंटीबरोबर लांब गेला, तो इकडे उरत नाही. आधी आवाज जातो, मग ज्याचा आवाज तो जातो, मग त्याची आठवण जाते. मलाच का आठवतंय? मी पुटपुटत लिहिते म्हणून असेल.

आणि शेवटचं गाणं गुंडीच्या आवाजात आहे.

२० तारीख

तिला सगळं सांगितलं. आधी हसली. मग मी वहीतलं शिंप्याचं पान वाचून दाखवलं, तर म्हणाली, कोण शिंपी? पण मग येऊन माझ्याशेजारी बसली. म्हणाली, बरं बाई, नाही गात. तुझ्यापेक्षा अल्बम मोठा आहे का? माझ्या डोक्याला तेल लावून दिलं. दहाऐवजी नऊ गाण्यांचाच काढते म्हणाली.

जिवात जीव आला. आज जेवलीही पोटभर.

२२ तारीख

कसं लिहू?

गुंडी न्हायला गेली होती. यंत्रांच्या खोलीतून घूं असा आवाज यायला लागला. डबा आपोआप चालू, दिवे हिरवे. मला वाटलं आता बंद करूनच टाकावा. बटणांवर इंग्रजीत लिहिलेलं मला वाचता येत नाही. पण दिवे कळतात. रस्त्यावर हिरवा म्हणजे जा, लाल म्हणजे थांब, हे शेंबडं पोरही जाणतं. म्हणून एकेक बटण दाबत गेले, लाल दिवा लागेपर्यंत. लागला. घूं थांबलं.

मी मोठ्याने म्हटलं, ये गं गुंडी, थांबवला मी त्याला. ती केसांना साबण तसाच ठेवून दारात आली. मला इतकं हलकं वाटलं होतं की काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, सकाळचं जेवलीस का? ती म्हणाली, जेवले गं, आजी.

आणि मग तिला दिवा दिसला.

त्या डब्यात लाल म्हणजे थांब नाही. लाल म्हणजे घेतोय.

२३ तारीख

तिने वायर ओढून काढली. डबा चालूच. हातोडी मारली, पत्र्याला पोचा आला, आत ती म्हणतेय, जेवले गं, आजी. जेवले गं, आजी. मागे माझ्या पेनाची खरखर.

खुंटी आपोआप खाली सरकतेय. गोगलगाईसारखी.

२४ तारीख

गुंडी बोलते, मला ऐकू येत नाही. तिने वहीत लिहिलं, आजी घाबरू नको. स्वतः रडत होती. बिनआवाजाचं रडणं कधी बघू नये.

तिने हातात ताट घेतलं आणि माझ्यासमोर बसून जेवली. खरोखर जेवली. मला दाखवायला.

२५ तारीख

अंथरूण रिकामं. दारात एकच जोड, माझ्या चपलांचा. वहीत वर तिने लिहिलेली ओळ नाही, मधे कोरी जागा आहे.

लेकीला फोन केला. म्हटलं, गुंडी गेली गं, तुझी लेक. ती म्हणाली, कोण गुंडी? आई, तू कुणाच्या घरात आहेस? मला मूलबाळ कधी होतं?

मी फोन ठेवला.

तारीख माहीत नाही

खुंटी धरून बसलेय. बोटाने वर ढकलली की गुंडी जवळ येते. जेवले गं, आजी. अगदी कानाशी. सोडली की लांब. म्हणून सोडत नाही. डाव्या हाताचं बोट खुंटीवर, उजव्याने लिहितेय.

रस्ता ओलांडताना असंच तिचं बोट धरायची मी

मागे शिंपी हसतोय. घड्याळ आहे. सगळे तिकडे आहेत, चालूच आहेत

माझी खुंटी शेजारची. ती पण सरकतेय. दोन्ही धरायला हात—

पेनाची खरखर येत नाही. पुटपुटतेय, ओठ हलतात

शाई फिकी

जेवले गं

बोट सोडलेलं नाही गुंडी. सोडलेलं नाही. मी तुझं बो—