अब्बांचे दोन पेपर

अब्बा, तुमची नात पुस्तक उघडत नाही. परीक्षेपुरतं उघडते, बाकी सगळं वाचन फोनवर, तेही अर्धं इथलं, अर्धं तिथलं. तुम्ही गेल्यावर जन्मलेली ही मुलगी. तुमच्यासारखं डोकं आता आपल्या घरात कुणाचं राहणार नाही, हा एकच घोर मला वर्षानुवर्षं लागून होता. माझं तरी कुठं राहिलंय? चार ओळी वाचल्या की अंगठा आपोआप वर सरकतो.

गुलमंडीच्या गल्लीतलं तुमचं शिलाईचं दुकान. तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं, म्हणूनच हट्टानं मला मराठी शाळेत घातलंत. उर्दू पेपर तुमचा, मराठी पेपर शेजारच्या बांगडीवाल्या काकांचा. शाळा सुटली की मी मशीनपाशी बसून मराठी बातमी मोठ्यानं वाचते, तुम्ही सकाळी वाचलेली उर्दूतली सांगता. त्या दुष्काळाच्या वर्षी रोज पाण्याचीच बातमी. एक पेपर म्हणतो, धरणातलं पाणी कमी आहे, पण पावसापर्यंत पुरेल. दुसरा म्हणतो, पाणी कमी, नळाची पाळी आणखी लांबणार. मशीनवरचे पाय थांबवून तुम्ही विचारता, "दोनो में क्या है?" मी म्हणते, पाणी कमी आहे. "बस, वो पक्का. बाकी को बिठा के रखो. एक गवाह की बात, आधी बात." एका साक्षीदाराचं बोलणं अर्धंच, म्हणून गिऱ्हाइकाला बाकावर बसवावं तसं तुम्ही बातमीला बसवून ठेवायचात, आणि तोवर ड्रम भरून घ्यायला सांगायचात. एकदा खेळायला जायच्या घाईत मी मधल्या दोन ओळी गाळल्या. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "टाँका छूटा, बेटा. पीछे से ले." तेव्हा राग आला होता. आज मात्र मी चारचौघांत मिरवून सांगते, की माझ्या बापाला न वाचता येणाऱ्या भाषेतलीही गाळलेली ओळ ऐकू यायची.

आता आम्ही शेंद्र्याच्या रस्त्याला राहतो. तुमच्या वेळी तिथं ज्वारी होती, आता इमारतीला इमारत लागलीय, पाण्याचा मात्र पत्ता नाही. यंदाही पावसानं पाठ फिरवली, बोअर कोरडे पडले, सगळी कॉलनी एका टँकरवर. टँकरवाला पलीकडच्या गावचा, विहीर त्याची स्वतःची. परवा कॉलनीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. कुणीतरी नाल्याचं लालसर, फेसाळ पाणी टँकरमध्ये भरतंय, आणि खाली लिहिलेलं, हाच आपला टँकर. घटकाभरात तोच व्हिडिओ ओळखीच्या कितीतरी जणांनी पाठवला. माझीही खात्री पटली. टँकर आला तेव्हा गेटवर माणसं जमलेली. "आजपासून ह्याला आत येऊ द्यायचा नाय," शेजारचे साहेब म्हणाले. एकानं गाडीची किल्लीच काढून घेतली. "साहेब, माझी लेकरं हेच पाणी पितेत," तो बिचारा सांगत राहिला, पण त्याचं ऐकतो कोण.

तुमची नात चपला घालून खाली गेली. तिला ओढून आणायला मी मागोमाग.

"काका, व्हिडिओत मागं दिसणाऱ्या दुकानाची पाटी बघा," ती साहेबांना म्हणाली. "अशी लिपी आपल्याकडं कुठंय? हाच व्हिडिओ मला खूप जुना सापडलाय. तिथं गावाचं नाव वेगळंच आहे."

"अगं, पण सगळेच सांगतायत ना."

"सगळे नाय सांगत, काका. एकानं सांगितलं, बाकीच्यांनी नुसतं पुढं ढकललं. शंभर जणांनी पाठवलं तरी सांगणारा एकच."

मी जागच्या जागी थांबले, अब्बा. गवाह हा शब्द तेवढा तिनं वापरला नाही. आणि पाणी चांगलंच आहे, असंही ती म्हणाली नाही. "ते आपल्याला माहीत नाय. बाटली भरून तपासायला द्या. तोवर पिऊ नका, वापरायला घ्या." किल्ली परत मिळाली. टँकरवाला साहेबांना सोडून तिलाच विचारत होता, "ताई, पाइप लावू का?" पुढं तपासणीत पाणी चांगलं निघालं.

बायकांनी विचारलं, पोरगी कुणावर गेलीय? मी ऐटीत सांगितलं, माझ्या वडिलांवर. घरी आल्यावर ती हसली. "अम्मी, फोनवर कितीदा फसले, तेव्हा कळलं." मग मी तिला तुमचं दुकान, ते दोन पेपर, सगळं सांगितलं. कधी नव्हे ते तिनं शेवटपर्यंत ऐकलं, जरा विचार केला आणि म्हणाली, "पण दोन्ही पेपरवाल्यांनी एकाच माणसाला विचारून लिहिलं असेल तर?"

इतकी वर्षं तुमची ही गोष्ट मी सांगत आले, पण हा प्रश्न कधी मनात आला नव्हता. हे पत्र टाकायचं कुठं, राहील इथंच, माझ्यापाशी. म्हणून मोकळेपणानं सांगते. ह्याचं उत्तर तुमच्यापाशीही नव्हतं, हे माझ्या लगेच लक्षात आलं. खरं तर मला वाईट वाटायला हवं होतं, अब्बा. नाही वाटलं.